इस्त्रीचं दुकान आणि त्यात वाजवणारे तिघे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा इस्त्रीचा, शिक्षण चौथीपर्यंत, डोकं ठिकाणावर आणि चष्मा नाकावर असताना, कोणी मागे उभं राहून सांगत नसताना, माझ्या पश्चात काय कोणाचं ते स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वकीलबाई टाइप करून देणार होत्या. मी म्हटलं, नको, टाइपात माझं बोलणं यायचं नाही.

कलम एक. वरच्या दोन खोल्या मुलीला. ती इस्पितळात रात्रपाळीची नर्स आहे आणि माझं सगळं तीच करते. यात विचार करण्यासारखं काही नाही.

कलम दोन. बँकेतले पैसे मुलीच्या मुलाला, म्हणजे नातवाला. त्याने सॅक्सोफोनचं काय हवं ते आणावं, पण आधी डॉक्टरला दात दाखवून यावं.

कलम तीन. धाकट्या जावेने नेलेली वाफेची इस्त्री तिच्याकडेच राहू दे. "परत आणून देते हं," म्हणाली तेव्हा माझे केस काळे होते. इस्त्री माफ. तो "हं" माफ नाही.

कलम चार. खालचं इस्त्रीचं दुकान तिघांना मिळून : नातू, डबल बास, ते माणसाएवढं व्हायोलिन, वाजवणारा प्लंबर, आणि ड्रम वाजवणारी, जी एरवी शाळेची बस चालवते.

हे तिघं दुकानात फ्री जॅझ वाजवतात. म्हणजे आधी काही ठरवायचं नाही, चाल नाही, ठेका नाही. एकाने काढलं की बाकीच्यांनी ऐकायचं आणि आपलं त्यात घालायचं. पहिल्या दिवशी मी अर्धा तास बसून राहिले. तिघांनी घाम पुसला तेव्हा म्हटलं, "झाली ना जुळवाजुळव? करा आता सुरू." ड्रमवाली हसून हसून खाली बसली. "आजी, संपलं की हो!"

पण मग माझा कान तयार झाला. मी कपड्यावर पाणी मारून इस्त्री टेकवते, चर्र होतं, की ती झांजेवर ब्रश ओढून तसंच चर्र काढते, प्लंबर खालून घुमवतो, आणि नातू वरून असा काही किंचाळतो की मी एकच कॉलर दोनदा करते. नवरा गेल्यापासून इतकी मजा मला कशात आली नव्हती. एकदा नातवाचा सूर फाटला. मी म्हटलं, "पहिल्यापासून घे रे." प्लंबर म्हणाला, "आजी, आमच्यात वाजलेलं मागे घेत नाहीत. दुसऱ्याने सांभाळून पुढे न्यायचं."

एवढं लिहिते आहे तोवर मुलगी कामावरून आली. तिने उभ्यानेच वाचलं. रात्रपाळी सोडून तिला या दुकानात पाळणाघर काढायचं आहे. मला माहीत होतं. तरी लिहिलं. "आई, अक्षर चांगलं आलंय गं," एवढंच म्हणाली आणि वर जाऊन बुटांसकट झोपली. भांडली असती तर मीही चार शब्द ऐकवले असते. मी तिचे बूट काढले. मोज्याला टाचेशी भोक होतं. ती जागी झाली नाही.

कलम पाच. दुकान मुलीला. वकीलबाईंना फोन केला, तर म्हणाल्या, मग कलम चार खोडा. मी खोडलं नाही. माझी हाव तिने वाचली आहे, खोडून ती जायची नाही. दोन कलमं एकमेकांशी भांडली तर कायदा नंतरचं धरतो म्हणे. बरं झालं.

कलम सहा. शेजारणीला माझ्या दोन जाड रजया. हे तिघं वाजवायला लागले की ती भिंत ठोकते. नातू म्हणतो, ठेका धरणारी तेवढी एकच आहे.

संध्याकाळी तिघं आले. साक्षीला दोघं हवेतच, म्हणून मी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. पाचवं कलम जरा भरभर वाचलं. मग प्लंबर म्हणाला, "आजी, हे लागू कधीपासून?"

"मी मेल्यावर. मृत्युपत्र आहे ना."

"म्हणजे तोवर आम्ही वाजवायचं?"

"वाजवा की. मी कुठे नाही म्हणते?"

"आणि ताईची रात्रपाळी?"

हे माझ्या मनात आलंच नव्हतं असं नाही. मी अजून दहाएक वर्षं सहज टिकेन. तेवढी वर्षं माझी मजा चालली असती, मुलीची रात्रपाळी चालली असती, आणि वर मी उदार म्हणून मिरवले असते. नातू बुटाच्या टोकाकडे बघत होता. ड्रमवाली म्हणाली, "थांबू नका आजी. पुढे लिहा."

कलम सात. दुकान या मृत्युपत्रात धरू नये. ते मी जिवंतपणी, उद्याच, बक्षीसपत्राने मुलीच्या नावे करणार आहे, लांब टेबल आणि कपाटांसकट. माझी इस्त्री वरच्या गॅलरीत मावेल. या तिघांना दुकान नाही. द्यायला दुसरी खोली नाही, आणि त्यांनी मागितलीही नाही, हे जास्त मनाला लागतं.

हे मी वाचलं, त्यांनी ऐकलं. माझी सही त्यांच्यासमोर झाली, त्यांची माझ्यासमोर.

सही : इस्त्रीवाली

साक्षीदार :
१. प्लंबर (सही करता करता म्हणाला, "मोरीतला नळ गळतोय, पोरं यायच्या आत बदलून देतो.")
२. ड्रमवाली

स्थळ : दुकानातलं लांब टेबल
दिनांक : ९ मार्च २०२६

नातवाची सही चालत नाही, त्याला कलम दोनमध्ये मिळतं आहे. मुलीची ड्यूटीची वेळ झाली. आजची रात्र तिला जावंच लागेल. तो तिला उठवायला वर गेला आहे. कलम सात मीच सांगतो म्हणाला.