घायपाताची परीक्षा

तीर्थरूप मामांस,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि मामीने कानाचं यंत्र लावलं की ते अजून कपाटातच आहे, हे आधी कळवा. (यंत्र कानात असेल तर हे पत्र मनातल्या मनात वाचा.) आम्ही सगळे सुखरूप आहोत, मी तर जरा जास्तच.

तुम्ही जुळवलेलं धाकटीचं लग्न परवा मोडता मोडता राहिलं. मुलाचे वडील जहाजावर बावर्ची होते आणि त्यांना टकीलाचा शौक आहे, हे तुम्हीच सांगितलं होतं. त्यांनी मला चव घ्यायला बोलावलं. मी सकाळी देवापुढे दिवा लावणारा आणि पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं पाणी हुंगणारा माणूस. माझी मजल चहापर्यंत. पण धाकटी म्हणाली, "बाबा, नाही म्हणू नका. आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करू नका."

म्हणून आधी दारूच्या दुकानात शिकायला गेलो. (सवयीने चपला बाहेर काढल्या. आत दोन गिऱ्हाईकं होती, त्यांनीही भीतभीत काढल्या.) दुकानदारीणबाईंनी मनापासून शिकवलं. लेबलावर 'शंभर टक्के अगावे' असेल तरच घ्यायची, नाहीतर निम्म्याजवळ दुसऱ्याच साखरेची दारू असू शकते. सोनेरी रंगाला भुलायचं नाही. तो लाकडी पिंपाचा असतो, तसा जळक्या साखरेचाही असतो. घोट लहान, घाई नाही. अगावे म्हणजे काय विचारलं, तर चित्र दाखवलं. मामा, ते आपल्या घायपाताचं भावंड! शाळेत दोर वळताना ज्याने माझ्या हातांची सालं काढली, त्याच्याच घराण्याचं. बाईंनी बूच काढून बाटली नाकाशी धरली. भाजलेला कंद, मिरी, आणि त्यामागे शाळेच्या घायपाताच्या ओल्या बांधाचा वास. देव कुठे काय लपवून ठेवतो, याचा विचार करत मी अनवाणीच घरी आलो.

परवा व्याह्यांनी खास राखलेली सोनेरी बाटली फोडली. मी हुंगलं, घोट तोंडात घोळवला आणि कामावर पाण्याचा नमुना चाखून करतो तसं खिडकीतल्या कुंडीत थुंकून मोकळा झालो. वर बोलूनही गेलो, "नमुना नापास." धाकटीने डोळे मिटले. विहीणबाईंनी कुंडी आत नेली.

व्याही लालेलाल. "कशावरून?"

"घायपात कमी, काकवी जास्त. लेबल बघा ना."

त्यांनी चष्मा लावून लेबल दोनदा वाचलं. शंभर टक्के कुठेच नव्हतं. मग ते आत गेले आणि तीन पेले झाकून घेऊन आले. "कोणती अस्सल, कोणती नाही, ओळखा." मी तिन्ही ओळखले. त्यांनी मला उचलायचंच बाकी ठेवलं. "अहो, असं नाक आमच्या घराण्यात यायलाच हवं! लग्न पक्कं! पण ही बाटली ज्यांनी अस्सल म्हणून माझ्या गळ्यात मारली, त्यांना लग्नात चारचौघांत उभं करून विचारणार आहे."

मामीस नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. ती बाटली स्थळ बघायला गेलात तेव्हा तुम्हीच दिली होती. लग्नाआधी 'चुकून दुसरीच दिली गेली' म्हणून एक चांगली पाठवा. दुकानाचा पत्ता मागे लिहिला आहे.

ता. क. दुसरा. पाठवण्याआधी तपासायला माझ्याकडे आणा. तिसरा पेला मी थुंकलो नव्हतो. देवापुढे सांगून झालं आहे. तुमच्या भाचेसुनेपुढे अजून नाही.