बांध साफ केला

१२ ऑक्टोबर
तोडणारच! आता कुणाचं ऐकणार नाही. गेल्या आठवड्यात गांधीलमाशी चावली आणि बुटकीचे ओठ, डोळे, सगळा चेहरा सुजला. श्वास अडकला. माझी एवढीशी पोर मांडीवर निळी पडत होती आणि दवाखाना काही केल्या येईना. डॉक्टरांनी बजावलंय, पुन्हा चावली तर वेळ मिळेलच असं नाही. बांधावरच्या झुडपांत गांधीलमाश्यांची पोळी लटकतायत. नवरोबा म्हणे, "पोळी तेवढी काढतो, झुडपं कशाला?" म्हटलं, एक काडीसुद्धा ठेवायची नाही.

१४ ऑक्टोबर
यंत्र बोलावलं. काटेरी झुडपं, रानवेली, गवत — सगळं उपटून पेटवून दिलं. शेत न्हाव्याकडून आल्यासारखं दिसतंय. आज झोप लागेल.

४ नोव्हेंबर
कोबीच्या पानांना भोकं.

९ नोव्हेंबर
भोकं कसली, चाळणी! पान उलटावं तर अळ्याच अळ्या. एवढ्या कधीच नव्हत्या.
नणंद आली होती. ती कॉलेजात किडे-माश्याच शिकवते. बांध बघून आधी हसली, मग कोबीचं पान उलटून बघितलं. "वहिनी, पहारेकरीच हाकललेत की! गांधीलमाश्या याच अळ्या उचलून न्यायच्या, पिल्लांना चारायला." बरं बाई, पण माझ्या पोरीचं काय? म्हणाली, घरापासून लांब, पलीकडच्या कडेला तरी झुडपं वाढू द्या, बाकीचे उपयोगी किडेही परत येतील. कधी? "दोनेक वर्षं लागतील."
नवरोबा म्हणाला, "तोवर आपण अळ्याच विकू, टोपल्या भरून!" सगळे हसलो. मला मात्र हसू फार आलं नाही.

१६ नोव्हेंबर
पहिली फवारणी. अळ्यांचं काही वाकडं झालं नाही. ठिपक्याठिपक्यांचे लाल ढालकिडे तेवढे उलटे पडलेले दिसले.

२३ नोव्हेंबर
आता मावाही आलाय — रस शोषणारे बारीक किडे, ढालकिड्यांचं खाद्य. पानं चिकट, काळी. दुकानदाराने आणखी जालीम औषध दिलंय. "दोन्ही एकत्र कालवा, बघा गंमत." नवरोबाने काठीने ढवळलं, काठी तुटली तर हातानेच! मी ओरडले. तोंडाला फडकं तरी बांध म्हटलं, तर म्हणतो, "गुदमरतं गं."
शेतात बारीकसा गुणगुणाटही नाही. इतकी शांतता बरी वाटत नाही. भीती वाटते, पण कशाची ते कळत नाही.

२९ नोव्हेंबर
नवरोबा एक दिवसाआड फवारतोय. जेवताना हात थरथरला, पेला सांडला. एवढ्या थंडीत घाम! "डोळ्यांपुढे धूसर होतंय," म्हणाला. मी म्हटलं, म्हातारा झालास, चष्मा कर. हसला बिचारा.

३० नोव्हेंबर
बुटकी दिवसभर बांधावर अनवाणी हुंदडली. एकही गांधीलमाशी नाही! कितीतरी दिवसांनी मी तिच्यामागे धावले नाही. सुटलो एकदाचे.

२ डिसेंबर
बुटकी धावत आली. "आई, बाबा कोबीत झोपलेत, उठतच नाहीत." दवाखान्याच्या बाकावर बसलेय. आत घेतलंय त्याला. डॉक्टर विचारत होते, कुठलं औषध फवारलं? किती दिवस? आणि कशासाठी एवढं? माझ्या तोंडून एवढंच निघालं — पोरीला काही होऊ नये म्हणून.