खांब क्रमांक तीनविषयी माझे शेवटचे म्हणणे

मी, कुमारी चांगुणा पुंजाराम उजागरे, वय त्रेसष्ट, निवृत्त दुभाषी व टंकलेखिका, राहणार कोल्हार, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर दडपण आणून पाहिले गेले. ते फळले नाही.

१. दोन खोल्यांचे घर भाचा मच्छिंद्र याला. त्याच्या मुलांच्या डोक्यावरचे छप्पर काढण्याइतका माझा राग मोठा नाही.

२. टंकयंत्र माझ्या कॉन्व्हेंटच्या मुलींना. तिथल्या सिस्टर म्हणत, मिटलेले ओठ हा मुलीचा दागिना. तो मी कधी घातला नाही.

३. डॅनिश कंपनी आणि ठेकेदार काकासाहेब यांनी भागीदारीत पूल बांधायला घेतला. पहिले वर्ष काम उत्तम चालले, कारण डॅनिश इंजिनियर आणि मुकादम गोरक्ष एकाच लिंबाखाली जेवत व मी मध्ये बसे. मग नगरला ऑफिस झाले, लांब टेबल आले. मालकापुढे मुकादमाने बोलायचे नाही, ही इथली रीत. ज्याला जमीन कळत होती, तो दाराबाहेर चपलांजवळ उभा राहू लागला.

तिथेच तो मला म्हणाला, "बाई, तीन नंबरखाली खडक न्हाई, नुसता मुरूम हाय. मालकापुढं मी कसं बोलू?"

मी त्याच दिवशी दोन्ही भागीदारांना पत्र देऊन पोच घेतली. इंजिनियरला वाटले, काकासाहेब काम थांबवतील. काकासाहेबांना वाटले, पाहुण्यापुढे आपण कशाला कमीपणा घ्यावा. थांबवण्याचा अधिकार दोघांना होता, म्हणजे कोणालाच नव्हता. पावसाळ्यात खांब कलला. चौकशीत मात्र दोघांचे एकमत झाले, की चूक बाईंच्या भाषांतराची.

४. त्या पत्रांच्या कार्बन प्रती, पोचेसह, माझ्या पेटीत आहेत. काकासाहेब आता इटालियन कंपनीशी करार करणार आहेत. मच्छिंद्र त्यांच्याकडे कारकून. परवा येऊन म्हणाला, "आत्या, जाळ की ते कागद. माझी नोकरी जाईल."

"माझी चूल स्वयंपाकाची आहे," मी म्हटले.

हे कागद वकील राधाकृष्ण यांनी इटालियन कंपनीला द्यावेत. पण मरणाची तारीख मला ठाऊक नाही आणि करार पुढच्या महिन्यात आहे. म्हणून नकलांचा एक संच आजच रजिस्टर पोस्टाने पाठवला. सोबत लिहिले आहे: मुकादमाला टेबलाशी खुर्ची द्या, आणि काम थांबवणारा माणूस एकच ठरवा.

५. गोरक्षाला काही नाही. चौकशीत तो गप्प राहिला, म्हणून नव्हे. ज्याला काही मिळते, त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणतात. मला तो साक्षीदार हवा आहे.

कोल्हार, ९ फेब्रुवारी १९७३
(सही) चांगुणा पुंजाराम उजागरे

साक्षीदार
१. (सही) राधाकृष्ण, वकील
२. बाईंनी सही माझ्यासमोर केली. पत्रात लिव्हलं ते मीच सांगितलं हुतं. चौकशीत बोललो न्हाई. आता कुनीबी इचारावं.
(सही) गोरक्ष सहादेव, मुकादम