बाप्तिस्म्याआधी शिवलेला काळा सूट

मी, इलारियोन केसादा, वय एकाहत्तर, धंदा शिंप्याचा, राहणार सांता ब्रिहिदा, दुरांगो प्रांत. सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवतो, यावरून माझ्या बुद्धीची स्थिती ओळखावी. दडपण कोणाचे नाही. बायकोचे आहे, पण तो तिचा लग्नापासूनचा हक्क. हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून लखोट्यात बंद करीत आहे. मी मेल्यावर, पुरण्याआधी, नोटरीसाहेबांनी ते सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.

कलम १. राहते घर, परसातले अंजीर व बँकेतली शिल्लक पत्नी रेफुहियो हिला. मी या गावात फाटक्या विजारीने आलो आणि शिंपी आहे म्हणालो. तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, मग सुरुवात घरापासूनच करा." तेव्हापासून तिचेच ऐकत आलो, नुकसान झाले नाही.

कलम २. दुकान, दोन्ही मशिने, कात्र्या व इस्त्र्या पुतणी एउलालिया हिला. एक सल्ला फुकट: माप घेताना तोंडात टाचण्या धर. तोंडात टाचण्या असलेल्या माणसाला कानही नसतात, अशी गिऱ्हाइकांची समजूत असते.

कलम ३. पाद्रीबाबांना जाड बनातीचा तुकडा, पहाटेच्या घंटेचा लोलक गुंडाळण्यासाठी. मला आता गरज नाही, शेजाऱ्यांना आहे.

कलम ४. माझी हिरवी मोटार, चावीसकट, नासारियो लुहान यांना.

इथे खुर्च्या सरकल्याचा आवाज होईल. होऊ द्यावा. नासारियो म्हणजे जनरल तोरिबिओ अल्देरेते यांचा ड्रायव्हर, ज्याने पैसे खाऊन गाडी हळू केली आणि धन्याला मारेकऱ्यांच्या हवाली केले, असे हे गाव सव्वीस वर्षे मानते. तेव्हापासून कोणी त्याच्या हाती साधी खेचरगाडीसुद्धा दिली नाही. तो स्टेशन झाडतो.

आता मी ऐकले ते लिहितो. यादवी संपली होती, जनरल शेती बघत होते आणि गव्हर्नरपदाला उभे राहणार होते. त्याच सुमारास डॉन क्रिसोफोरो बाएसा यांनी त्यांना आपल्या मुलीचा धर्मपिता होण्याची गळ घातली. धर्मपिता झाला की तो बापाचा कोम्पाद्रे, सख्ख्या भावाहून जवळचा. अशा आमंत्रणाला नाही म्हणत नाहीत, रखवालदार घेऊनही जात नाहीत. बाप्तिस्मा रविवारी ठरला. त्याआधीच्या सोमवारी डॉन क्रिसोफोरो दुकानात आले आणि त्यांनी सुतकाचा काळा सूट सांगितला, वेस्टकोटासकट.

"कोण वारलं?" मी टाचण्यांमधून विचारले.

"अजून कोणी नाही. तोर्रेओनची मावशी आजारी आहे."

"मग घाई कशाला?"

"मावशीलाच घाई आहे, मास्तर. रविवारच्या आत दे. आणि खांद्यात नीट बसव. शवपेटीमागे पहिल्या रांगेत चालायचं असतं, मागून सगळं गाव बघतं."

तोर्रेओनच्या मावशीच्या पेटीमागे आमचे गाव कशाला चालेल? त्यातून मावशी बाप्तिस्म्याला पुढच्या बाकावर ठणठणीत बसली होती. गेल्या वर्षीपर्यंत जगली.

शुक्रवारी जनरल कोटाचे बटण लावून घ्यायला आले, तेव्हा मी हे सांगितले. नासारियो दारातच होता.

"कोम्पाद्रेवर संशय घेणारा नरकात जातो," जनरल हसले. "मी आधीच त्या रांगेत आहे मास्तर, आणखी पुढे कशाला ढकलतोस?"

नासारियो म्हणाला, "जनरल, चर्चमधून निघाल्यावर नदीकडच्या रस्त्याने जाऊ या."

"आणि पोरांना नाणी कोण फेकणार? तुझा बाप? नाणी न फेकणारा धर्मपिता म्हणजे कंजूष. मला निवडणुकीला उभं राहायचंय, नदीत नाही."

रविवारी पोरे नाण्यांसाठी ओरडत गाडीभोवती धावली. गवताच्या वखारीच्या कोपऱ्यावर नासारियोने गाडी हळू केली, कारण चाकांखाली पोरांचे पाय येत होते. जनरलनी मूठभर नाणी मागे फेकली, पोरे तिकडे पळाली, आणि वखारीतून बंदुका सुटल्या. डावा हात फुटलेला असताना नासारियोने धन्याला डॉक्टरच्या दारापर्यंत नेले. उपयोग झाला नाही.

"गाडी हळू का केली, हे त्यालाच विचारा," असे पहिल्यांदा कोण म्हणाले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते पुढे नगराध्यक्ष झाले.

पुरावा माझ्याकडे मागू नका, तुमच्याकडेच आहे. जुलैचा उन्हाळा, म्हणून जनरलना दुसऱ्याच सकाळी पुरले. पेटीमागे पहिल्या रांगेत डॉन क्रिसोफोरो रडत चालले होते, अंगात नवा कोरा काळा सूट, खांद्यात अचूक बसलेला. "काय शिवलाय मास्तर!" असे तुम्हीच मला म्हणालात. एका रात्रीत वेस्टकोटासकट सूट कोणता शिंपी शिवतो? कापड सगळ्यांनी पाहिले, दिवस कोणी मोजले नाहीत.

हे आधी का बोललो नाही? बोललेल्या दोघांचे शेवटचे कपडे मीच शिवले. मेलेल्याला मात्र कोणी धमकावू शकत नाही. मरणाची तेवढी एक सोय आहे.

कलम ५. माझी पेटी नासारियोने त्या हिरव्या मोटारीतून न्यावी, त्याच रस्त्याने. वखारीच्या कोपऱ्यावर गाडी हळू करावी. पुढच्या सीटखाली नाण्यांची पिशवी आहे, ती पोरांवर उधळावी आणि पोरांचे पाय सांभाळून पुढे जावे.

कलम ६. बंद मृत्युपत्राच्या लखोट्यावर साक्षीदार आतला मजकूर न वाचता सही करतात. पण लखोटा उघडताना कायद्याने त्यांना जातीने हजर राहून सही आपलीच म्हणून कबूल करावी लागते. गावातला सर्वांत वजनदार साक्षीदार हवा, म्हणून काल डॉन क्रिसोफोरो यांच्याकडे गेलो होतो.

"आत काय लिहितोयस, मास्तर?"

"तुमचं नाव आहे."

"मग तर सही करायलाच हवी," म्हणाले आणि मला सोतोल दारूचा पेला पाजला.

तेव्हा डॉन क्रिसोफोरो, सही कबूल करा आणि बाहेर चला. पेटीमागे पहिल्या रांगेत चालायचे आहे. सूट आहेच.

सांता ब्रिहिदा, ३ मार्च १९५१
(सही) इलारियोन केसादा, शिंपी

लखोट्यावर, मजकूर न वाचता, साक्षीदार:
(सही) क्रिसोफोरो बाएसा, नगराध्यक्ष
(सही) मेलितोन आर्से, औषधविक्रेता
(सही) दोमितिला रेंतेरिया, शाळामास्तरीण