दोन आवाज

८ जानेवारी २००६, रविवार

आज दोन बायकांचा आवाज टेप केला — आणि दोघी मीच!

विद्यापीठात सरांच्या खोलीत खिडक्या बंद, पंखा बंद. मजकूर एकच, वाचायचा दोनदा. आधी पुणेरी : "मी जरा बाजारात जाऊन येते. तुम्हाला काही आणायचं आहे का?" मग आमच्या आर्वीकडची वऱ्हाडी : "मी जराशी बजारात जाऊन येते. तुमाले काई आनाचं हाय का?"

आता ही टेप लोकांना ऐकवायची आणि विचारायचं — ही बाई हुशार वाटते का? प्रेमळ? हिला नोकरी द्याल? दोन्ही आवाज एकीचेच आहेत हे त्यांना सांगायचं नाही. महिनाअखेरच्या परिसंवादात निबंध वाचताना सांगायचं. माझे मार्गदर्शक गोपाळकृष्ण सर म्हणाले, "तोवर हे आपल्या दोघांत. पुण्यात तिसऱ्याला कळलं की ती बातमी होते."

बसमध्ये धायरीपर्यंत वॉकमन लावून डोळे मिटले. दोघी आळीपाळीने माझ्या कानात बाजारात निघाल्या. डुलकीत वाटलं, वाटेत भेटल्या तर ओळख तरी देतील का एकमेकींना?

११ जानेवारी

आईचा फोन. "मी रोज वाट पाहून राहिलो तुया फोनची! कायचा पेपर हाय? परीक्षा होय का?"

नाही गं, लोकांसमोर वाचायचा असतो.

"मंग वाच ना. कोनं धरलं?"

शेजारच्या पलंगावर खोलीतल्या दोघी मुली बसल्या होत्या म्हणून मी सगळं पुणेरीत बोलले. आई बिचारी हळूहळू "बरं, बरं" म्हणायला लागली. साहेबाशी बोलतात तसं. फार वाईट वाटलं.

१४ जानेवारी, संक्रांत

आमोदच्या घरी गेले होते. अजून लग्नाचं ठरलं काहीच नाही, पण त्यांच्या गॅलरीतल्या कुंड्यांना मी मनातल्या मनात दोन महिने पाणी घालतेय.

कुसुमकाकू म्हणजे आमोदची आई. चाळीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाल्या. दुकानाच्या पाटीवर चुकीचा ऱ्हस्व दिसला तर आत जाऊन सांगतात, मग खरेदी. मला म्हणाल्या, "तुझी भाषा छान आहे हो. कुठली आहेस ते ओळखूसुद्धा येत नाही." मी पाच वर्षं याच वाक्यासाठी झटले. ऐकलं आणि गालातल्या गालात हसत बसले.

मग आमोदला हुक्की आली. खराडीच्या ऑफिसात दिवसभर अमेरिकेशी बोलतो, घरी आला की मराठीची सेवा! "आईला ऐकव ना तुझी टेप."

काकूंनी डोळे मिटून ऐकली. पहिल्या आवाजाला सगळीकडे पैकीच्या पैकी. दुसरा सुरू झाला तशा सरळ होऊन बसल्या. "पुन्हा लाव." पुन्हा लावली.

हुशार? "जेमतेम." नोकरी? "शाळेत नको."

आमोद दात काढत म्हणाला, "आणि सून म्हणून?"

"नको रे. तोंड मिटून बसावं लागेल बिचारीला."

टेपेत आवाज वेगळाच येतो; माझा आहे हे दोघांनाही कळलं नाही. मीही हसले! हसायलाच हवं होतं का? हातावर तिळगूळ ठेवून काकू म्हणाल्या, गोड बोल. कुठल्या भाषेत ते कुणी सांगत नाही.

१९ जानेवारी

सगळ्यांची उत्तरं मांडून झाली. पहिली बाई हुशार, दुसरी "मनाने चांगली". म्हणजे मी दोन्ही आहे, फक्त एका वेळी एकच व्हायचं.

२२ जानेवारी, रविवार

संध्याकाळी झेड ब्रिजवर. थंडी, खाली नदीवर धुरकट काहीतरी, आमोदचा हात. सांगणार होते. ओठांवर आलं होतं. तो म्हणाला, "आईला तू जाम आवडतेस. बेसिकली प्रॉब्लेमच नाहीये." मग तळजाईच्या बाजूला फ्लॅट, गॅलरी, रविवारी उशिरा उठणं... मीही त्याच्याबरोबर तरंगत गेले. चांगल्या स्वप्नात असताना घसा खाकरायला नको वाटतं.

पण लिहिते तरी स्पष्ट. मला त्या घरात जायचंय — पण दोघींना मिळून. एकीला आर्वीत ठेवून नाही. काकूंनी जिला नको म्हटलं तीच तर आईशी बोलते. बोलायची.

२५ जानेवारी

आमोद काकूंना घेऊन परिसंवादाला येणार म्हणे! "आई साडी काढून बसलीय."

सरांना गाठलं. म्हटलं, सर, आवाज कोणाचे ते गाळू या का? सर चष्म्यावरून बघत राहिले. "निष्कर्षच गाळायचा असेल तर चहा पिऊन घरी जाऊ. तो छान असतो."

२७ जानेवारी

पहाटे स्वप्न पडलं. मंडई भरली आहे, भाज्यांचे ढीग, सगळे मला काय हवं विचारतायत. तोंड उघडलं तर आवाज नाही. जवळच कुणीतरी हळूच हसतंय, आणि ते हसणं माझंच. उठल्यावर बराच वेळ गोड वाटत होतं, का ते कळेना. आमोदला आजही सांगितलं नाही.

२८ जानेवारी, शनिवार

झालं.

विषय "भाषा आणि समाजाचे दृष्टिकोन", त्यामुळे पाहुणे अर्धा तास व्यासपीठावरच्या फलकातलं शुद्धलेखन तपासत होते. माझी पाळी जेवणानंतर. निम्मं सभागृह पेंगलेलं. टेप लावली, आकडे सांगितले. मागून एक गृहस्थ : "दुसऱ्या बाई कुठल्या हो? फार गोड बोलतात."

काकू तिसऱ्या रांगेत होत्या, मोतिया रंगाची साडी नेसून. त्यांच्याकडे बघूनच बोलले. "मीच ती. दोन्ही मीच. आर्वीची."

पेंगणारे जागे झाले. कुणीतरी टाळी वाजवली. आमोदचं तोंड उघडंच. आणि काकू उठल्या, पर्स घेतली, मधल्या वाटेने सरळ बाहेर! मागे वळूनही बघितलं नाही.

आमोद नंतर भेटला. "आई रिक्षाने गेली. तू मला आधी सांगायचंस ना यार. तिला तोंडघशी पाडलंस." बरोबर आहे त्याचं. मला रडूही येईना. सर म्हणाले, निबंध उत्तम झाला. डोंबल!

२९ जानेवारी

आमोदचा फोन नाही. मी केला, तर उचलला नाही.

१ फेब्रुवारी

त्याचा मेसेज आला. आई कुणाशीच बोलत नाहीये, दार लावून बसते. मनातल्या कुंड्यांना पाणी घालणं मी बंद केलंय. तरी बसमध्ये डोळा लागला की गॅलरी दिसतेच, मेली.

आईला फोन केला. म्हटलं, माय, मी चुकली का व? किती वर्षांनी असं बोलले! ती रडायलाच लागली, मग मीही.

५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी फोन. कुसुमकाकू! मी माफी मागायला सुरुवात केली, त्यांनी थांबवलं.

"ते राहू दे. त्या टेपेत चूक हाय तुई."

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी घोटाळा झाला.

"'जाऊन येते' म्हनली तू. 'जाऊन येतो' पाह्यजे. आपल्याकडं बाईसुद्धा 'येतो'च म्हन्ते व, पोरी. इसरली का?"

मी म्हटलं, काकू, तुम्ही आपल्याकडच्या?

"लगन होऊन आलो, तवापासून आज पह्यल्यांदा बोलून राहिलो मी. आमोदले नोको सांगू, मीच सांगतो." आणि घाईघाईने, "बरं, ठेवतो."