लिंबातला खिळा

बजाजनगर, वाळूज

आईच्या पायावर गोकुळचं डोकं.

मी बरा हाय. फोनवरच सांगितलं असतं, पण तू स्पीकर लावतीस आणि अण्णा ऐकतेत, म्हणून लिहितो. गुडघ्याला तेल लावतीस ना?

इथं आम्ही परदेशी जाणाऱ्या मशिनींसाठी लाकडी पेट्या करतो. नियमच हाय, लाकूड छप्पन्न अंशांवर अर्धा तास तापवायचं, आतली कीड मारायची, मगच शिक्का मारायचा. लाकडातलं जिवंत काही समुद्रापार जाता कामा नाय.

मागल्या आठवड्यात एका फळीत बैलगाडीच्या चाकाचा खिळा दिसला. रंध्याचं पातं तुटंल म्हणून मी ओढून काढला. मग ट्रकवाला म्हणाला, पिशोरचं लाकूड हाय, सरूबाईच्या बांधावरचा लिंब. म्हणजे तुझाच, आई.

मला जन्म देताना मेलेली ती माझ्या लहानपणी मला न्यायला येती, म्हणून तू भगताला बोलावून त्याच खिळ्यानं तिला लिंबात बांधली होतीस. लिंब इकला, हे सांगितलं का नाहीस?

फळ्या तापल्या, शिक्का बसला, पेटी जर्मनीला गेली. पण भट्टीत मरतं ते जिवंत. आधीच मेलेल्याचं काय?

तू घाबरू नको, मला काही तरास नाय. खोलीत एकटाच राहतो, तरी कामावरून आलो की ताटाशेजारी पाण्याचा तांब्या भरलेला असतो.

खिळा माझ्याजवळ हाय. भगताला आणू नको. जेवू तू घातलंस, आई. नुसतं पाणी तरी तिच्या हातचं पिऊ दे.

तुझाच,
गोकुळ