घोड्यावरून लांबच्या गावी

ता. ४ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं. रंधा मारताना तोंडाला फडकं बांधत जा.

इकडे घराचा आखाडा झालाय. ताई वारल्यावर तिच्या लेकीला, मुंगीला, मी घरी आणलं, तेव्हा वाटलं होतं, माझ्या लेकाला, बोक्याला, सोबत होईल. पण तुम्ही आम्हा बहिणींसाठी केलेला लाकडी घोडा दोघांनाही एकाच वेळी हवा. बोका लगाम सोडत नाही, मुंगी शेपूट सोडत नाही. ती भांडतही नाही, नुसती मुकी उभी राहते. काल बोक्याने ढकललं आणि तिच्या हनुवटीला खोक पडली. मी गजराचं घड्याळ लावून पाळ्या ठरवल्या, तर आता घड्याळावरून मारामारी!

मुंगीला तुमच्याकडे ठेवावं, असं हे म्हणतात. वाईट मनाने म्हणत नाहीत ते. पण मला तिला सोडायचं नाही बाबा. दुसरा घोडा लवकर करून पाठवा.

यांचा नमस्कार, पोरांचे पापे.
तुमची धाकटी


ता. ११ जानेवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

दुसरा घोडा करायला घेतला होता. मान कोरून झाली आणि हात थांबला. दोन घोडे झाले की एक या खोलीत डुलेल, एक त्या खोलीत, आणि पोरं एकमेकांकडे पाठ करून मोठी होतील. तेव्हा घोडा मिळणार नाही. रागाव हवं तर, नाहीतरी तुझा राग कायम नाकावर.

तुम्ही दोघी कशा खेळायचात, विसरलीस? जी खाली उभी, तिने गाव सांगायचं. बसलेलीने डोळे मिटून डुलत तिथं जायचं, परत येऊन काय पाहिलं ते सांगायचं आणि उतरायचं. खाली उभी असणारी गोष्टीची वाट बघायची, म्हणून तिला उभं राहणं जड जात नसे. तू मात्र ताईला न्हाणीघरापर्यंतच धाडायचीस, लवकर परत यावी म्हणून. ती तिथंही ढग बघून यायची.

घड्याळ माळ्यावर टाक. आधी तू स्वतः खाली उभी राहून दाखव, मग पोरांना राहू दे. जावईबापूंना म्हणावं, जरा धीर धरा.

तुझे बाबा


ता. २ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस सा. न.

माझाच लेक शोभतो हो बोका! पहिल्याच दिवशी त्याने मुंगीला फक्त दारापर्यंत धाडलं. ती डोळे मिटून डुलली आणि हळूच म्हणाली, की दाराबाहेर समुद्र आला होता, त्यात आपल्या चपला पोहत होत्या. इथं आल्यापासून ती एवढं बोललीच नव्हती. बोका आ वासून बघत राहिला. मग गोष्ट मोठी मिळावी म्हणून तो तिला लांब लांब धाडू लागला. मधूनच ढकलाढकली होते, नाही असं नाही.

काल दुपारी मुंगीने गाव स्वतःच मागितलं. तिला आईकडे जायचं होतं. बोक्याने मान हलवली आणि ती निघाली. घोडा कुरकुरत राहिला, फरशीवरचं ऊन भिंतीपर्यंत सरकलं, मी हातातली कपड्याची घडी तशीच धरून बसले. तेवढ्यात हे आले आणि तुझी पाळी नाही का, असं बोक्याला विचारलं. त्याने तोंडावर बोट ठेवलं आणि कुजबुजत सांगितलं, की ती आईकडे गेलीय, ते लांब आहे, यायला वेळ लागेल. हे बूट काढून त्याच्या शेजारी खाली बसले.

मुंगीने डोळे उघडले. आई बरी आहे, एवढंच सांगितलं, आपणहून उतरली आणि लगाम बोक्याच्या हातात दिला.

आज सकाळी यांनी बोक्याच्या खुंटीशेजारी मुंगीच्या दप्तरासाठी एक खुंटी ठोकली. दप्तर स्वतःच तिथं अडकवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

पोरं अंगणात गेल्यावर मी घोड्यापाशी जाऊन उभी राहिले, बाबा. ताईला म्हटलं, जा आता हवं तितकं लांब, मी थांबते.

लोभ आहेच, तो असाच राहू द्या.
तुमची धाकटी